तहान सोसणारे झाड : सोलापुरातील ठेंगणे डाळिंब आणि त्याची कुंडी

सोलापूर जिल्ह्यात डाळिंब म्हटले की सांगोला, पंढरपूर, मंगळवेढा या भागांतील मुरमाड माळ, ठिबकच्या नळ्या, बांबूंना टेकवलेल्या फळभरल्या फांद्या आणि बाजार समितीतील ‘भगवा’ वाणाचे क्रेट एवढेच चित्र सामान्यतः समोर येते; आणि ते चुकीचे नाही, कारण २००५ मध्ये भारतीय कृषी संशोधन परिषदेचे राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र पुणे महामार्गालगतच्या केगावात उभे राहिले आणि २०१६ मध्ये सोलापूर डाळिंबाला भौगोलिक मानांकन मिळाले, ते या बागांच्या बळावरच. त्याच वनस्पतीचा एक ठेंगणा भाऊबंद मात्र या चित्रात कोठेच नसतो. तो शहरातील गच्च्यांवर, जिन्याच्या वळणावर किंवा पत्र्याच्या आडोशाला उथळ कुंडीत उभा असतो, त्याच्यासाठी ना कृषी सल्ला निघतो ना फवारणीचे वेळापत्रक, आणि घरातील हौशी माणूस नोकरीनिमित्त पुण्याला गेला, आजारी पडला किंवा नुसता कंटाळला की काही वर्षांत त्याचा वाळक्या काड्यांचा खराटा होऊन जातो. अशी झाडे बहुधा तहानेने गेली असे समजून फेकली जातात. या समजुतीत अर्धेच तथ्य आहे. डाळिंब तहान चांगली सोसते, किंबहुना सोलापूरचा शेतकरी त्याला दरवर्षी जाणूनबुजून तहानलेले ठेवतो. त्याला सोसत नाही ती मुळांची कोंडी. दुर्लक्षित डाळिंब पुन्हा उभे करायचे तर पाणी वाढवण्याआधी मुळे मोकळी करावी लागतात, आणि त्याची वेळ व रीत ठरवताना बागाईतदाराचे ज्ञान बोन्सायच्या पुस्तकांपेक्षा काकणभर अधिक उपयोगी पडते.

ज्या झाडाविषयी हे विवेचन आहे त्याची आधी ओळख करून घेणे आवश्यक आहे. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियस याने १७५३ मध्ये डाळिंबाला ‘प्युनिका ग्रॅनॅटम’ हे शास्त्रीय नाव दिले आणि १७६२ मध्ये ठेंगण्या डाळिंबाला ‘प्युनिका नाना’ या नावाने स्वतंत्र जाती म्हणून नोंदवले. पुढील अभ्यासकांनी मात्र ते वेगळी जाती न मानता डाळिंबाचाच एक प्रकार ठरवला, आणि आज रोपवाटिकांतून व संशोधनपत्रांतून त्याचा उल्लेख ‘नाना’ असाच होतो. डाळिंबाच्या प्रजातीत याशिवाय खरी दुसरी जाती एकच आहे, ती अरबी समुद्रातील सोकोत्रा बेटावर आढळते. डाळिंबाचे पूर्वी स्वतंत्र कुळ मानले जाई, परंतु आता त्याचा समावेश मेंदीच्या कुळात होतो, त्यामुळे महाराष्ट्राचे राज्यफूल असलेले तामण, डोंगरउतारांवरची धायटी आणि अंगणातील मेंदी हे सारे डाळिंबाचे नातलग ठरतात.

नानाचा ठेंगणेपणा त्याच्या बीजातच असतो, ही गोष्ट बोन्सायच्या संदर्भात नीट ध्यानात घेतली पाहिजे. बोन्साय हे झाडाच्या जातीचे नाव नसून झाड वाढवण्याची पद्धत आहे: मुळांची व फांद्यांची वारंवार छाटणी करून, उथळ पात्रात ठेवून कोणत्याही मोठ्या वृक्षाचे आकारमान आटोक्यात ठेवता येते. वड, पिंपळ किंवा चिंच यांना असे लहान राखावे लागते. नाना मात्र जमिनीत मोकळा सोडला तरी बहुधा गुडघ्या-कमरेपर्यंतच्या झुडपाएवढाच राहतो, त्याची पाने अरुंद व बोटाच्या पेराएवढी असतात आणि दोन पानांमधील अंतर अगदी कमी असते. शिवाय छाटणीने पान लहान करता येते, फळ करता येत नाही. भगव्या वाणाचे बोन्साय केले तर करंगळीएवढ्या फांदीवर पाव किलोचे फळ लोंबते आणि सगळ्या प्रमाणबद्धतेचा विचका होतो. नानाचे फळ लिंबाएवढे किंवा त्याहून लहान, चवीला आंबट आणि खाण्यापेक्षा पाहण्यासाठीच योग्य असते. बियांपासून लावलेले रोप पहिल्या वर्षभरातच फुलू शकते. या घाईमुळेच प्रयोगशाळांनाही नाना सोयीचा वाटतो, आणि डाळिंबात बाहेरून जनुक घालण्याचे तंत्र जपानी संशोधकांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केले तेव्हा त्यांनी निवडलेले झाड हेच होते.

गच्चीवरील या शोभेच्या झाडाचा आणि सोलापूरच्या बागांचा संबंध वरवर दिसतो तेवढा दूरचा नाही. बंगळूरच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेने ‘गणेश’ वाणाचा नानाशी संकर करून अनारदाण्यासाठी, म्हणजे वाळवून आंबट मसाला म्हणून वापरायच्या दाण्यांसाठी, ‘अमलीदाना’ हा बुटका वाण तयार केला. केगावच्या केंद्राने २०१७ मध्ये आणलेल्या ‘सोलापूर लाल’ या वाणाच्या वंशावळीतही गणेश, भगवा आणि हिमालयाच्या उतारांवरील रानटी डाळिंब ‘दारू’ यांच्या बरोबरीने नाना आहे. सोलापूर लालच्या ताज्या दाण्यांत शंभर ग्रॅममागे ५.६ ते ६.१ मिलिग्रॅम लोह असल्याची नोंद आहे, तर भगव्याच्या दाण्यांत ते २.७ ते ३.२ मिलिग्रॅम असते. पूजेच्या ताटाएवढ्या कुंडीत सुकत चाललेल्या झाडाचे रक्त जिल्ह्याच्या नव्या वाणात वाहते आहे, हे ते झाड कचरागाडीत टाकणाऱ्याला सहसा ठाऊक नसते.

पूर्वेकडील देशांनी डाळिंबाला कुंडीतला मान फार पूर्वीच दिला. चीनच्या शांडोंग प्रांतातील झाओझुआंग शहराचा यिचेंग हा भाग डाळिंबाच्या ‘पेनजिंग’साठी, म्हणजे पात्रात रचलेल्या झाडांच्या चिनी कलेसाठी, प्रसिद्ध आहे, आणि जपानी बोन्सायकार पीळदार खोडाच्या डाळिंबाला विशेष किंमत देतात. हा पीळ निव्वळ शोभेचा नसतो. डाळिंबाचे खोड वयानुसार स्वतःभोवती वळत जाते, सालीचे काही पट्टे मरून लाकूड उघडे पडते आणि उरलेल्या जिवंत पट्ट्यांतून मुळांचा रस फांद्यांपर्यंत जातो. त्यामुळे एका बाजूचे जाड मूळ कुजले की त्याच्या थेट वर नव्हे, तर पिळाच्या दिशेने सरकलेल्या भलत्याच फांदीवर मर दिसते. पुनरुज्जीवनाच्या कामात हे ज्ञान फार मोलाचे असते, कारण वाळकी फांदी पाहून कोणत्या बाजूची मुळे तपासायची याचा अंदाज त्यावरूनच बांधता येतो.

आता दुर्लक्षाकडे वळता येईल. सोलापूर पर्जन्यछायेतील शहर आहे, एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ अंशांपर्यंत जातो, तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत निवत नाही, आणि अनेक वस्त्यांत नळाला रोज पाणी येत नसल्यामुळे साठवलेल्या पाण्यावर घरातील माणसांचा हक्क पहिला असतो. अशा गावात कुंडीवर दोन-दोन दिवस पाणी न पडणे यात नवल नाही. परंतु या तहानेची सवय डाळिंबाला आहे. उष्ण कटिबंधात डाळिंब वर्षभर थोडेथोडे फुलत राहते, आणि असे विखुरलेले उत्पन्न बाजाराच्या दृष्टीने निरुपयोगी असल्याने शेतकरी ‘बहार धरतो’, म्हणजे झाडाला ठरावीक हंगामात एकदम फुलायला भाग पाडतो. त्यासाठी हलक्या जमिनीत साधारण महिना-दीड महिना पाणी तोडले जाते, याला ‘ताण देणे’ म्हणतात. वाढ थांबते, पाने पिवळी पडून गळू लागतात, उरलेली पाने इथेफॉन या रसायनाच्या फवारणीने गाळली जातात, शेंडे हलके छाटले जातात, आणि मग खत देऊन पाणी सोडताच फांद्यांत साठलेल्या अन्नाच्या जोरावर नवी पालवी व कळी एकदम बाहेर पडते. पाणी जानेवारीच्या सुमारास सोडले तर तो आंबे बहार, मृगाच्या पावसावर सोडले तर मृग बहार आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सोडले तर हस्त बहार. ज्या झाडाच्या शेतीचा सारा डोलारा नियोजित तहानेवर उभा आहे, त्याच झाडाचे कुंडीतील मरण केवळ तहानेवर ढकलणे म्हणूनच पटत नाही.

बाग आणि कुंडी यांत फरक पडतो तो जमिनीखाली. बागेतील झाडाला ताण बसतो तेव्हा त्याच्या मुळ्यांना मुरमाच्या फटींतून खाली उतरायला वाव असतो. कुंडीत मुळे भिंतीला आपटून वळतात, वर्षानुवर्षे गोल गोल फिरतात, पेंडीसारखा घट्ट गठ्ठा बनतात आणि मातीची जागा स्वतःच व्यापून टाकतात. अशा गठ्ठ्यावर ओतलेले पाणी मधल्या भागात शिरतच नाही, ते कडेच्या फटीतून सरळ छिद्रावाटे निघून जाते; वरून पाहणाऱ्याला कुंडी भिजलेली वाटते, आणि झाडाचा गाभा मात्र कोरडा ठणठणीत असतो. याच्या उलट प्रकारही तितकाच घातक आहे व सोलापुरात तो अधिक आढळतो, कारण येथे कुंडी भरताना सहज हाताशी येणारी माती म्हणजे शेतातली काळी माती. बेसाल्टच्या झिजेतून बनलेल्या या मातीतील चिकणखनिज पाणी पिऊन फुगते आणि वाळले की आकसून भेगाळते. शेतात या गुणाने ती स्वतःला नांगरून घेते असे म्हटले जाते, पण हाताच्या ओंजळीएवढ्या पात्रात ती भिजल्यावर मुळांचा श्वास कोंडते आणि सुकल्यावर त्यांचे बारीक तंतू तोडते.

या ठिकाणी उथळ कुंडीतील पाण्याचा एक नियम समजावून घ्यावा लागतो, कारण बोन्सायची बहुतेक मर या एका अज्ञानातून ओढवते. पाणी घालून निथळू दिल्यावरही मातीच्या तळाशी काही उंचीपर्यंतचा थर पूर्ण संपृक्त राहतो, कारण बारीक कणांमधील केशाकर्षण, म्हणजे सूक्ष्म फटींची पाणी धरून ठेवण्याची ओढ, त्या उंचीपर्यंत गुरुत्वाकर्षणाला पुरून उरते. हा साचलेला थर किती उंच असेल हे कणांच्या आकारावर अवलंबून असते, कुंडीच्या खोलीवर नाही. समजा एखाद्या मातीत तो तीन सेंटिमीटर असेल, तर वीस सेंटिमीटर खोल कुंडीत त्याने फारसे बिघडत नाही, परंतु पाच सेंटिमीटर खोल बोन्सायपात्रात तीच माती भरली तर निम्म्याहून अधिक मुळे कायम पाण्यात उभी राहतात. पाण्यातून प्राणवायूचा प्रसार हवेच्या तुलनेत सुमारे दहा हजार पटींनी मंद असल्याने ही मुळे गुदमरतात, काळी पडतात, कुजक्या वासाची होतात, आणि मुळेच नसल्यामुळे वरची पाने सुकतात. पाने सुकली म्हणून मालक आणखी पाणी घालतो. तळाशी खडीचा थर दिल्याने हा प्रश्न सुटत नाही, उलट साचलेला थर तेवढा वर सरकतो. तरीही रोपवाटिकांपासून शेजाऱ्यांपर्यंत सर्वत्र हा सल्ला अजून दिला जातो.

तिसरी कोंडी क्षारांची. कूपनलिकेच्या जड पाण्यात विरघळलेला चुना पाणी उडून गेल्यावर मातीत राहतो, आणि काटकसरीने घोटभर पाणी देण्याच्या सवयीमुळे तो कधी धुऊन निघत नाही. मातीवर व कुंडीच्या काठावर पांढरी पुटे चढतात, मातीचा सामू वाढून लोह असूनही मुळांना घेता येत नाही, आणि नवी पाने शिरा हिरव्या राखून मधल्या भागात पिवळी पडतात. डाळिंब क्षार बऱ्यापैकी सोसते, तरी कुंडीत त्याच्या सोसण्याला सीमा पडते. पाणी शुद्ध करणाऱ्या घरगुती यंत्रातून बाहेर टाकले जाणारे पाणी वाया जाऊ नये म्हणून झाडांना घालण्याची पद्धत सद्हेतूची असली, तरी त्या पाण्यात मूळ पाण्यापेक्षा क्षार अधिक दाटलेले असतात, म्हणून बोन्सायला ते वर्ज्य समजावे. पावसाचे साठवलेले पाणी उत्तम. वातानुकूलन यंत्रातून ठिबकणारे पाणीही जवळजवळ क्षाररहित असते.

दुर्लक्षित झाड हाती आल्यावर पहिली पायरी निदानाची असते आणि तीत घाई करू नये. काडीची साल नखाने किंचित खरवडली असता आत ओलसर हिरवट थर दिसला तर ती जिवंत, आत तपकिरी व कोरडे लागले तर मेलेली. ही परीक्षा शेंड्याकडून खोडाकडे करत यावे आणि जिवंत भागाची सीमा जेथे सापडेल तेथे रंगीत दोऱ्याची खूण बांधावी. जुन्या बुंध्याची साल मात्र खरवडू नये. सगळ्या काड्या वाळलेल्या असूनही बुंध्यातून धुमारे फुटलेले दिसतात, तेव्हा झाडाने वरचा भाग सोडून देऊन खालून पुन्हा सुरुवात केलेली असते. एरवी हे धुमारे बागेत ‘वॉटरशूट’ म्हणून काढून टाकले जातात, कारण ते फळाच्या फांद्यांचे अन्न पळवतात. आजारी झाडावर मात्र त्यांना हात लावू नये, कारण तेवढीच काय ती पाने मुळांना पोसत असतात. मुंग्यांची रांग दिसल्यास पिठ्या ढेकूण किंवा खवले कीड शोधावी, आणि कुंडीतील हराळी व लव्हाळा उपटण्याऐवजी माती बदलताना मुळांसकट वेचून काढावा, अन्यथा लव्हाळ्याच्या गाठी नव्या मातीतही साथ सोडत नाहीत.

माती बदलण्याच्या, म्हणजे पुनर्लागवडीच्या, हंगामाबाबत परदेशी पुस्तकांचा सल्ला सोलापुरात जसाच्या तसा चालत नाही. जपानमध्ये डाळिंब हिवाळ्यात पूर्ण पानगळ करते आणि वसंतात कळ्या फुगू लागल्या की कुंडी बदलतात. सोलापुरात तो वसंत पाहता पाहता उन्हाळ्यात जातो. येथे विचार करायचा तो बहारांच्या भाषेत. सिद्धरामेश्वरांची गड्ड्याची जत्रा उठली, थंडीचा जोर ओसरू लागला आणि आंबे बहाराच्या बागांत पालवी फुटू लागली की कुंडीतील डाळिंबाच्याही गाठी फुगतात, तोच जानेवारीअखेर ते फेब्रुवारीमध्यापर्यंतचा काळ सर्वांत अनुकूल होय. त्यानंतर उशीर झाल्यास नव्या मुळ्या रुजण्याआधीच ऊन गाठते. दुसरी संधी मृगाचे एक-दोन चांगले पाऊस होऊन हवा निवल्यावर मिळते. मार्चअखेर ते मे या काळात झाड कितीही दयनीय दिसले तरी मुळांना हात लावू नये, ते सावलीत हलवून, कुंडी ओल्या वाळूच्या परातीत ठेवून कसेबसे मृगापर्यंत आणावे. याला एकच अपवाद आहे: मुळे प्रत्यक्ष कुजत असतील आणि मातीला आंबूस वास येत असेल, तर हंगामाची वाट पाहण्यात अर्थ नसतो.

नव्या मिश्रणासाठी जपानी पुस्तके ‘अकादामा’ ही भाजलेल्यासारखी दाणेदार माती सांगतात. ती मागवणे खर्चिक आहे आणि सोलापुरात अनावश्यकही, कारण ज्या मुरमावर जिल्ह्यातील डाळिंब पोसले तो मुरूम हाच तिला योग्य पर्याय आहे. दोन ते पाच मिलिमीटरचे दाणे चाळणीने वेगळे काढून धुऊन घेतलेला मुरूम, त्याच आकाराचे भाजक्या विटेचे तुकडे आणि यांच्या जोडीला एकूण मिश्रणाच्या पाचव्या हिश्शाएवढे, पूर्ण कुजलेले व चाळलेले शेणखत किंवा पालापाचोळ्याचे खत पुरते. चाळणीखाली पडलेली भुकटी मोह न ठेवता टाकून द्यावी, कारण वर सांगितलेला साचपाण्याचा थर याच भुकटीने उंचावतो. मुरमाला पाणी फार काळ धरता येत नाही ही तक्रार खरी आहे, आणि विटेचे सच्छिद्र तुकडे ती काही अंशी भागवतात. मुरूम चुनखडीचा नको. त्यावर लिंबाचा रस किंवा सौम्य आम्ल टाकले असता बुडबुडे आले तर तो चुन्याचा समजून दुसरा शोधावा. आणखी एक पथ्य महत्त्वाचे आहे. डाळिंबाच्या बागेतील माती किंवा बागेतून निघालेला मुरूम कुंडीत आणू नये, कारण मुळांवर गाठी करणारे सूत्रकृमी व मर रोगाची बुरशी यांचा वास तेथे असू शकतो. मर रोग आणि खोडाला टाचणीच्या टोकाएवढी छिद्रे पाडणारा भुंगेरा यांनी गेल्या काही वर्षांत सांगोला परिसरातील कितीतरी बागा उपटायला लावल्या आहेत.

प्रत्यक्ष कामासाठी आदल्या दिवशी पाणी देऊ नये, म्हणजे गठ्ठा कुंडीतून सुटून येतो. न सुटल्यास कडेने पातळ सुरी फिरवावी, खोड धरून ओढू नये. गठ्ठा बाहेर आल्यावर बोथट काडीने किंवा आकड्याने बाहेरून आत, केसांचा गुंता सोडवावा तसा, मुळांचा गुंता सोडवत जावा. निरोगी मुळे पिवळसर, टणक व तुटताना कट्कन आवाज करणारी असतात. कुजलेल्या मुळांची साल बोटांनी ओढली की मोज्यासारखी निघून येते व आत दोऱ्यासारखा गाभा उरतो. याच मुळांच्या सालीतील कडू अल्कलॉइड १८७८ मध्ये फ्रेंच रसायनतज्ज्ञ शार्ल तांरे याने वेगळे केले आणि पोटातील पट्टकृमींवर ते औषध म्हणून वापरले गेले, यावरून त्या सालीची तीव्रता ध्यानात यावी. मुळांवर मण्यांसारख्या गाठी दिसल्या तर सूत्रकृमींचा प्रादुर्भाव समजून सगळी जुनी माती धुऊन काढावी व गाठाळ मुळे कापावीत, परंतु असे नसल्यास आजारी झाडाची मुळे पूर्ण उघडी करण्याचा मोह टाळलेला बरा. निरोगी बोन्सायची एकतृतीयांश मुळे कापता येतात. खंगलेल्या झाडाची केवळ मेलेली, कुजलेली व खोडाला वेढे घालणारी मुळे काढावीत. जुनी माती काळी व घट्ट असेल तर या वर्षी गठ्ठ्याच्या एका बाजूची काढून नवी भरावी आणि दुसरी बाजू पुढील वर्षी घ्यावी, म्हणजे अर्धी मुळे अबाधित राहून झाडाला पाणी पुरवत राहतात. हा संयम हौशी लोकांना जड जातो, कारण एका दिवसात झाड ‘नवे’ करून दाखवण्याचे समाधान त्यात मिळत नाही.

दुर्लक्षित झाडासाठी पहिली दोन वर्षे देखणे बोन्सायपात्र वापरूच नये. चार बोटे अधिक खोल, छिद्रांची, साधी मातीची कुंडी त्याला अधिक मानवते: तिच्या भिंतींतून पाणी झिरपून उडते आणि त्या बाष्पीभवनाने मुळे थंड राहतात, तर काळी प्लॅस्टिकची कुंडी सोलापूरच्या उन्हात मुळांना अक्षरशः शिजवते. छिद्रांवर जाळी, जाळीतून वर काढलेल्या तारेने गठ्ठा कुंडीला घट्ट बांधलेला, मिश्रण काडीने टोचत मुळांच्या फटींत उतरवलेले आणि शेवटी छिद्रांतून स्वच्छ पाणी येईपर्यंत झारीने दिलेले पाणी, एवढे झाले की काम संपते. तार बांधणे अनेकांना फाजील वाटते. परंतु वाऱ्याने खोड हलत राहिले तर नव्या केसमुळ्या फुटल्या तशाच तुटतात आणि महिनाभराची वाढ वाया जाते.

यानंतरचे तीन-चार आठवडे झाड शेडनेटखाली किंवा सकाळच्या कोवळ्या उन्हात असावे. पाणी दिवस मोजून देऊ नये, वरचा बोटाच्या पेराएवढा थर कोरडा लागला की भरपूर द्यावे, आणि दिलेले पाणी तळाच्या ताटलीत साचू देऊ नये. मुळे कापलेल्या झाडाला ताकद यावी म्हणून लगेच युरिया किंवा डीएपी घालणे ही सर्वांत सामान्य चूक होय. जखमी मुळांभोवती क्षारांचे प्रमाण वाढले की पाणी आत जाण्याऐवजी मुळांतूनच बाहेर खेचले जाते. नवी पालवी दोन-तीन इंच लांबेपर्यंत खत नको, त्यानंतर निंबोळी पेंड व गांडूळखत चिमटी-चिमटीने द्यावे. पहिल्या हंगामात छाटणी फक्त मेलेल्या काड्यांची करावी, बाकीच्या फांद्या बेढब लांबल्या तरी लांबू द्याव्यात, कारण वर जितकी पाने तितकी खाली मुळे. जाड फांदी कापणे अटळच असेल तर तिचा खुंट तसाच ठेवून तो वाळल्यावर दुसऱ्या वर्षी जिवंत भागापर्यंत कोरावा. डाळिंबात जखमेपासून मर खाली उतरण्याची खोड असल्याने एकदम खोडालगत घेतलेला काप कधीकधी अर्ध्या बुंध्याला भोवतो.

दुसऱ्या वर्षी आकार देता येतो. डाळिंबाचे जुने लाकूड ठिसूळ असल्याने तार गुंडाळून वळवायचे ते त्याच हंगामातील कोवळे धुमारे, आणि तीही अॅल्युमिनियमची मऊ तार सालीत रुतण्याआधी उकलावी. येथे एका विरोधाभासाशी गाठ पडते: पसारा आटोपशीर दिसावा म्हणून बोन्सायकार दर आठवड्याला शेंडे खुडतो, आणि नानाची फुले तर त्या नव्या शेंड्यांवरच येतात. म्हणून फुले हवी असतील त्या वर्षी जानेवारीत एकदा छाटून पुढे हात आवरावा. बागेतील ताणाचे तंत्र कुंडीत वापरण्याचा प्रश्न यानंतरच, आणि तोही पूर्ण सावरलेल्या झाडाबाबतच, निघू शकतो. डिसेंबरात पाणी कमी करत न्यावे, पाने मलूल दिसू लागली की थोडे द्यावे, आठ-दहा दिवसांत जुनी पाने पिवळी पडून गळू लागली की छाटून पाणी पूर्ववत करावे. मुरूम-विटेच्या उथळ मिश्रणात ओल फारच थोडी राहते, त्यामुळे शेतातील महिनाभराचा ताण कुंडीत नक्कल करू गेल्यास झाड फुलण्याऐवजी वाळते. इथेफॉनची तर येथे गरजच नाही.

फुले दोन तऱ्हेची येतात हे बागाईतदाराला माहीत असते, गच्चीवरच्या हौशी माणसाला बहुधा नसते, आणि म्हणून पहिल्या वर्षीची बहुतेक फुले गळाली की तो हवालदिल होतो. तळाशी फुगीर, सुरईच्या आकाराचे फूल फळ धरते. तळाशी निमुळते, घंटेच्या आकाराचे फूल केवळ पराग देऊन गळते. अशक्त झाडावर दुसऱ्या तऱ्हेची फुले अधिक येतात व ते ठीकच असते. फळ धरले तरी सावरणाऱ्या झाडावर पहिल्या बहाराची फळे गोटीएवढी असतानाच काढून टाकावीत, पुढील वर्षी एखाद-दुसरे ठेवावे. पावसाळ्यात पानांवर पाणभरले, कडेला पिवळसर वलय असलेले डाग आणि फळावर तेलकट तडे दिसले तर तो तेल्या, म्हणजे जिवाणूजन्य करपा. भारतात १९५० च्या दशकाच्या आरंभी नोंदला गेलेला हा रोग सोलापूरच्या बागांचा जुना वैरी आहे, तो पावसाच्या उडणाऱ्या थेंबांबरोबर आणि छाटणीच्या कात्रीवरून पसरतो. म्हणून बागेत वापरलेली कात्री कुंडीवर चालवण्याआधी स्पिरिटने पुसणे आणि झाडाच्या पानांवर संध्याकाळी पाणी न शिंपडणे एवढी काळजी गच्चीवर पुरेशी असते.

असे सावरलेले झाड दर दोन-तीन वर्षांनी जानेवारीअखेरीस पुन्हा कुंडीबाहेर काढावे लागते, मात्र तेव्हा मुळे मोकळ्या मिश्रणात असल्याने ते काम तासाभराचे असते. झाडावर पिकलेल्या लहान फळातील बिया गर धुऊन, सावलीत वाळवून पेरल्या तर दोन-तीन आठवड्यांत उगवतात आणि बहुतेक रोपे ठेंगणीच निघतात. डाळिंबात परपरागीभवनही होते, त्यामुळे मधमाश्यांच्या पल्ल्यात भगव्याच्या बागा असलेल्या शहराच्या कडेच्या गच्च्यांवर एखादे रोप लांब पेरांचे, मोठ्या पानांचे निघण्याचा संभव असतो. ते पहिल्या काही महिन्यांतच उंचीवरून ओळखू येते, आणि त्याला बोन्सायच्या कुंडीत कोंबण्यापेक्षा जमिनीत लावणे इष्ट.